पान १ पैकी किती?

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी हिंजवडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर फोन वाजतो. रिपोर्टवाले काका तो लगेच उचलत नाहीत. पलीकडून काय ऐकायला मिळणार हे त्यांना पाठ आहे. "काका, सिस्टिम स्लो आहे." वाक्य तेच, सूर वेगळे. विक्री खात्यातून ते धमकीसारखं येतं, खरेदी खात्यातून गाऱ्हाण्यासारखं, आणि हिशेब खात्यातून घरात काहीतरी वाईट घडल्यासारखं, अगदी हळू आवाजात.

काकांचं वय शेहेचाळीस. 'काका' ही पदवी त्यांना पिकलेल्या केसांमुळे मिळालेली नाही. या सिस्टिमचा जन्म ज्यांनी पाहिला त्यांपैकी बाकीचे नोकऱ्या बदलून पांगले, हे एकटे उरले. चाकणजवळच्या एका कारखान्याचे रिपोर्ट निघतात का, वेळेवर निघतात का आणि निघालेले उघडतात का, हे पाहणं त्यांचं काम. पदाचं नाव इंग्रजीत चार शब्दांचं आहे आणि त्यात 'इंटेलिजन्स' येतं, त्यामुळे सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचा ते सरकारी गुप्तहेर असल्याचा समज आहे. काकांनी तो दूर केलेला नाही.

आईला मात्र त्यांनी एकदा सगळं नीट समजावून सांगितलं. कारखान्यात रोज काय घडतं त्याच्या नोंदी होतात, त्या एका जागी आणायच्या, त्यांची बेरीज-वजाबाकी करून तक्ते काढायचे आणि वरच्या साहेबांना पाठवायचे. आई म्हणाली, "म्हणजे तलाठ्याचं काम." काकांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं. फरक एवढाच की तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने एक ते एकवीस. पोटनमुने धरले तर आणखी थोडे. एवढ्यात जमीन, पीक, वारस, फेरफार, महसूल, सगळं गाव मावतं. त्यातला सातवा आणि बारावा नमुना जोडून होतो तो सातबारा, ज्याच्यावर महाराष्ट्रात भाऊ भावाशी बोलेनासे होतात. त्या मानाने नटबोल्ट बनवणाऱ्या कारखान्याला रिपोर्ट किती लागावेत?

नेमके किती आहेत हे मोजण्यासाठी काकांनी एकदा एक रिपोर्ट तयार केला. तो टाइमआउट झाला. रात्री अडीच वाजता, सगळं शांत असताना, पुन्हा चालवला तेव्हा आकडा आला: चार आकडी. त्यातल्या बऱ्याचशा रिपोर्टांचा जन्मदाता कंपनी सोडून गेलेला होता. एकाचं नाव होतं 'गणपतीनंतर काढून टाकणे'. कोणत्या वर्षीचे गणपती, ते लिहिलेलं नव्हतं.

रिपोर्टचा जन्म बैठकीत होतो. कुणीतरी साहेब पडद्याकडे पाहत सहज विचारतात, "हेच विभागवार मिळेल का?" आणि कोपऱ्यात बसलेला नवा मुलगा म्हणतो, "मिळेल सर." तिथेच गर्भधारणा झाली. खरं तर एकच रिपोर्ट ठेवून त्यात विभाग निवडायची सोय केली की भागतं. पण मुलगा नवा असतो आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत हवं असतं. तो जुन्या रिपोर्टची प्रत काढतो, आत 'पश्चिम' असं घालतो आणि मोकळा होतो. मग उत्तर, दक्षिण, पूर्व. मग पश्चिम, पण पुणे सोडून. मग फक्त पुणे, कारण पुणे सोडल्याचं पुण्याच्या मॅनेजरला कळतं. सहा महिन्यांनी कराच्या हिशेबाची रीत बदलते आणि तो बदल सहाही ठिकाणी करायचा असतो. पाच ठिकाणी होतो. त्यानंतरच्या बैठकीत दोन साहेब दोन वेगवेगळे आकडे घेऊन बसतात आणि खरा कोणता हे ठरवण्यासाठी सातवा रिपोर्ट मागवला जातो.

जन्माला आलेला रिपोर्ट मरत नाही. साहेबांची बदली होते, निवृत्ती होते, नारळ-शाल होते, पण त्यांच्या नावाने लावलेला रिपोर्ट दर सोमवारी नऊ वाजता इमाने इतबारे निघतो आणि बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊन आपटतो. तिथून 'असा माणूस येथे राहत नाही' अशा अर्थाचं उत्तर येतं. ते उत्तर साठवणारं एक टेबल आहे. त्या टेबलावरही रिपोर्ट आहे.

गंमत अशी की या धंद्याचा मूळ पुरुष नेमकं उलटं सांगत होता. आयबीएममध्ये हान्स पीटर लून नावाचे संशोधक होते. त्यांनी १९५८ साली कंपनीच्या नियतकालिकात 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या नावाचा लेख लिहिला. कल्पना अशी, की कार्यालयात येणाऱ्या कागदांचा गोषवारा यंत्राने काढावा, कुणाला कशात रस आहे हे यंत्राने ध्यानात ठेवावं आणि ज्याला जे उपयोगाचं तेवढंच त्याच्याकडे जाऊ द्यावं. बाकी थांबवावं. 'बाकी थांबवावं' हा भाग पुढच्या पिढ्यांनी कुठे हरवला कोण जाणे. शब्द तर याहून जुना आहे. अमेरिकेत १८६५ साली निघालेल्या व्यापारी किश्शांच्या एका कोशात तो भेटतो, तिथे सर हेन्री फर्नीस नावाच्या एका सावकाराची गोष्ट आहे. युद्धाच्या बातम्या इतरांच्या आधी मिळवून हा गृहस्थ पैसा करायचा. त्याला पुरत होती एक बातमी. वेळेवर. विभागवार नको होती.

काका रोज वाकडहून ऑफिसला येतात. हे सांगण्याचं कारण म्हणजे भूमकर चौक. पहाटे सहाला हा चौक ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सकाळी नऊला शेजारच्या रिक्षावाल्याशी फक्त तोंडओळख होते. रस्ता तोच, रुंदी तीच. गाड्या किती वाढल्या हे पाहून वेळ किती वाढेल याचा अंदाज बांधायला जावं, तर तो हमखास चुकतो. हे कोडं शंभर वर्षांपूर्वी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत बसून आग्नर एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने सोडवायला घेतलं. त्यांचा पहिला लेख १९०९ चा. प्रश्न होता टेलिफोनच्या किती तारा लागतील हा, पण त्यातून रांगेचं जे शास्त्र निघालं ते बँकेच्या खिडकीपासून काकांच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे लागू पडतं.

त्यातलं सगळ्यात साधं गणित असं. एकच सर्व्हर आहे, त्याला एक रिपोर्ट काढायला सरासरी दहा सेकंद लागतात आणि मागणारे मनाला येईल तेव्हा येतात. सर्व्हर निम्मा वेळ कामात असेल, तर मागितल्यापासून रिपोर्ट हाती यायला सरासरी वीस सेकंद. ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर पन्नास. नव्वद टक्क्यांना शंभर. पंच्याण्णव टक्क्यांना दोनशे. नव्वदवरून पंच्याण्णववर जाताना ओझं जेमतेम बोटभर वाढलं आणि वाट पाहणं दुप्पट झालं. म्हणून काकांना जेव्हा कुणी म्हणतं, "मी फक्त एकच तर रिपोर्ट टाकला," तेव्हा ते खोटं नसतं. भूमकर चौकातही प्रत्येकाने फक्त एकच गाडी आणलेली असते.

हे गणित काकांनी एकदा वरिष्ठांपुढे मांडलं. आलेखासकट. वरिष्ठ प्रभावित झाले. म्हणाले, "वा! हा आलेख दर सोमवारी मिळेल का?"

सोमवार आणि नऊ यांचं काय आहे, की रिपोर्ट लावताना वेळ विचारणारी जी खिडकी उघडते तिच्यात काहीतरी भरावंच लागतं. माणूस नऊ सतरा असं कधी भरत नाही. लग्नाचा मुहूर्त अकरा बावन्नचा चालतो, रिपोर्टचा चालत नाही. त्यामुळे शेकडो रिपोर्ट नऊच्या ठोक्याला मांडवात हजर होतात आणि आत एका वेळी चालू शकतात मोजकेच. सर्व्हरला जेवढे प्रोसेसर, जेवढी मेमरी, त्या मानाने जागा ठरवलेल्या असतात. बाकीचे पंगतीच्या मागे उभे. या गर्दीत कुणाचं जेवण उरकत आलं आहे हे पाहून त्याच्या खुर्चीमागे उभं राहण्याची कला माणसांना अवगत आहे, क्वेऱ्यांना, म्हणजे रिपोर्टांनी डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांना, नाही. त्या एकमेकींच्या मेमरीवर पाय देतात, मेमरी पुरेनाशी झाली की मधला हिशेब डिस्कवर उतरवतात, डिस्क सावकाश चालते, म्हणून दहा सेकंदांचा रिपोर्ट चाळीस सेकंद जागा अडवून बसतो, म्हणून मागची रांग आणखी वाढते. तेव्हा वर जे साधं गणित सांगितलं ते त्यातल्या त्यात सुखाचं होतं. त्यात निदान गर्दी झाली म्हणून आचारी हळू होत नव्हता.

या सगळ्यांच्या मागे सुट्या भागांच्या टेबलावरच्या मॅडम उभ्या असतात. दिवसातून तीस-चाळीस वेळा त्या एकच छोटा रिपोर्ट उघडतात: अमुक भाग शिल्लक आहे का. फोनवर डीलर थांबलेला असतो. अख्ख्या कारखान्यात रिपोर्टची खरी, जिवंत, तातडीची गरज असलेलं माणूस दाखवा म्हटलं तर काका त्यांच्याकडे बोट दाखवतील. आणि त्या थांबतात कुणाच्या मागे? निवृत्त साहेबांच्या बंद पत्त्यावर निघालेल्या साडेतीनशे पानांच्या मागे. डीलरला गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी हवापाण्याच्या गप्पांचा साठा केला आहे. नाशिकच्या डीलरच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले हे त्यांना माहीत आहे आणि ते सर्व्हरमुळे.

रिपोर्टांची संख्या हा एक आजार, एकेका रिपोर्टचं आकारमान हा दुसरा. मोठ्या साहेबांच्या आवडत्या रिपोर्टची गोष्ट त्यासाठी सांगायला हवी.

तो रिपोर्ट होता पूर्ण वर्षाच्या विक्रीचा, ओळीनिशी. अकराशे ऐंशी पानं. तरी तक्रार नव्हती, कारण पहिलं पान चार सेकंदांत दिसायचं. डेटाबेसकडून पहिल्या ओळी आल्या की सॉफ्टवेअर पहिलं पान मांडून पुढे करायचं आणि पुढचं काम मागच्या मागे. एके दिवशी साहेब म्हणाले, खाली नुसतं 'पान १' येतं, तिथे 'पान १ पैकी किती' असं हवं. म्हणजे किती उरलंय ते कळतं. नव्या मुलाने पाच मिनिटांत ते करून दिलं. दुसऱ्या दिवशी पहिलं पान दिसायला अकरा मिनिटं लागली.

सर्व्हरमध्ये काही बिघाड नव्हता. 'पैकी किती' हे छापायचं, तर एकूण पानं किती हे आधी कळायला हवं. ते कळायला शेवटची ओळ यायला हवी, सगळी बेरीज व्हायला हवी, अकराशे ऐंशी पानांची मांडणी मनातल्या मनात पुरी व्हायला हवी. त्याशिवाय पहिल्या पानाच्या तळाशी ते चार अंक लिहिता येत नाहीत. क्रिस्टल रिपोर्ट्ससारखी साधनं वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांना ही खोड माहीत असते. नव्या मुलाला नव्हती. काकांनी साहेबांना समजावलं, की पहिली पुरणपोळी ताटात पडण्याआधी एकूण किती होणार हे मोजून सांगा म्हटल्यासारखं आहे हे. साहेब म्हणाले, "मग त्यात काय? बायकांना अंदाज असतोच की."

काकांनी नोंदी पाहिल्या. हा रिपोर्ट उघडणाऱ्यांपैकी दुसऱ्या पानावर गेलेलं कुणी त्यांना सापडलं नाही. साहेबसुद्धा नाहीत. मग एका शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिसात कुणी नसताना, काकांनी 'पैकी किती' गुपचूप काढून टाकलं. सोमवारी साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." ते चार अंक नाहीसे झाल्याचं त्यांच्या लक्षात यायला आठ महिने लागले.

आणखी एका रिपोर्टात प्रत्येक ग्राहकाच्या ओळीखाली एक छोटा उपरिपोर्ट बसवलेला होता: या ग्राहकाची थकबाकी. दिसायला देखणा. पण तो उपरिपोर्ट दर ओळीला डेटाबेसकडे स्वतंत्रपणे जाऊन विचारायचा. पाच हजार ग्राहक, पाच हजार फेऱ्या. पंगतीत वाढप्याने प्रत्येक ताटासाठी स्वयंपाकघरात जाऊन एकेक वाटी आमटी आणावी तसं. त्याच्या हाती आमटीचं बादलीभर भांडं दिलं, म्हणजे सगळ्यांची थकबाकी एकाच क्वेरीत आणून जुळवली, की काम पाऊण तासावरून मिनिटावर येतं. काकांनी ते केलं त्या दिवशी त्यांना कुणी पेढे दिले नाहीत. वाढपी पूर्वी किती धावत होता हेच कुणाला दिसलेलं नव्हतं.

ताटाचाच विषय निघाला म्हणून सांगायचं, तर जुन्या धाटणीचा डेटाबेस प्रत्येक नोंद एकेका वाढलेल्या ताटासारखी ठेवतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, सगळं एकत्र. गेटपास बनवायला हे उत्तम. एक ताट उचललं, काम झालं. पण कुणी विचारलं की दहा लाख ताटांत मिळून मीठ किती, तर दहा लाख ताटं उचलून आणायची, वरणभातासकट. स्तंभवार साठवणुकीत मीठ एका बरणीत, लिंबं एका टोपलीत. मिठाचा हिशेब हवा तर फक्त बरणी उतरवा. शिवाय सारखं सारखं एकत्र असलं की ते दाबून कमी जागेत बसतं. मायकेल स्टोनब्रेकर आणि मंडळींचा सी-स्टोअर या स्तंभवार डेटाबेसवरचा २००५ चा शोधनिबंध या विचाराची चांगली मांडणी करतो, आणि आता बहुतेक मोठी विश्लेषणाची साधनं याच वाटेने जातात. पण बरणीची युक्ती कामी येते ती तुम्हाला फक्त मीठ हवं असेल तर. काकांच्या कारखान्यात रिपोर्ट मागणारा म्हणतो, "सगळे कॉलम ठेवा, लागले तर असू देत." म्हणजे बरण्यांतून काढून पुन्हा दहा लाख ताटं वाढा.

"आणि एक्सेलमध्ये द्या." हे शेपूट तर ठरलेलं.

एक्सेलच्या जुन्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात; २००७ च्या आवृत्तीपासून १०,४८,५७६. एवढ्या ओळी माणूस वाचणार कधी हा प्रश्न कुणाला पडत नाही, पण मर्यादा असते हे विसरलं की काय होतं याचा धडा ब्रिटनने घेतला. कोविडच्या काळात प्रयोगशाळांकडून आलेले निकाल तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलमधून पुढे पाठवले. एकेका रुग्णाला कित्येक ओळी लागत होत्या. फाइल भरली, उरलेल्या ओळी बाहेर राहिल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. ते कुणाकुणाच्या संपर्कात आले होते याचा शोधही तेवढा लांबला. ही बातमी वाचून काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सर्व्हरवरून जुन्या धाटणीची एक्सेल बनवायची सोय काढून टाकली. हिशेब खात्यातून हळू आवाजात फोन आला.

डॅशबोर्ड आल्यावर हे सगळं संपेल असं सांगण्यात आलं होतं. कागद जाईल, चित्रं येतील. चित्रं आली. पण पॉवर बीआयसारख्या साधनात पानावरचं प्रत्येक चित्र आपला स्वतंत्र प्रश्न घेऊन जातं. काकांकडच्या मुख्य डॅशबोर्डावर बावीस चित्रं होती. त्यातलं एक गाडीच्या वेगमापकासारखं काट्याचं, कारण साहेबांना काटा आवडतो. सोमवारच्या बैठकीआधी तीस जण तो उघडणार. तीस गुणिले बावीस, सहाशे साठ प्रश्न, पाच मिनिटांत. यावर उपाय म्हणजे एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवायचं आणि पुढच्याला तेच द्यायचं. पण इथे प्रत्येकाला फक्त आपल्या विभागाचे आकडे दिसावेत असा नियम होता, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला चालेना. शिळं चालत नाही आणि उष्टंही चालत नाही म्हटल्यावर आचाऱ्याने करायचं काय?

एका महिनाअखेरीस मजा झाली. कारखान्यातला दिवसभराचा डेटा मध्यरात्रीनंतर वेअरहाऊसमध्ये, म्हणजे रिपोर्टांसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, उतरवला जातो. ही दोन घरं वेगळी ठेवायची हे शहाणपण आता पक्कं मुरलेलं आहे. वेअरहाऊसवरचं बिल इनमन यांचं पुस्तक १९९२ चं, राल्फ किंबल यांचं १९९६ चं, दोघांची मतं पुष्कळ वेगळी, पण रिपोर्टांची वरात व्यवहाराच्या रस्त्यावरून नेऊ नये यावर एकमत. (पूर्वी एकाच डेटाबेसवर दोन्ही चालायचं तेव्हा कुणीतरी वर्षाचा रिपोर्ट लावला की चाकणच्या फाटकावर ट्रक खोळंबायचे आणि ड्रायव्हर चहाला जायचे.) तर त्या रात्री डेटा उतरवताना मधेच गडबड झाली. जुनी टेबलं रिकामी केली गेली होती, नवी भरायची राहिली. सकाळी नऊला सगळे रिपोर्ट निघाले. झपाझप. सर्व्हर असा धावला की काकांना वाटलं नवा बसवला की काय. दहा वाजता त्यांच्या ध्यानात आलं की रिपोर्ट रिकामे आहेत. नुसती शीर्षकं, खाली शून्य. त्यांनी घाईघाईने डेटा पुन्हा भरायला लावला आणि फोनकडे बघत बसले.

मॅडमचा फोन आला. बाकी कुणाचा नाही. दुपारी विक्री खात्यातून एक ईमेल आली: आज सिस्टिम फार छान चालली, असंच ठेवा.

त्या रात्री काकांना झोप लागली नाही. ज्या घरी दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या पानावर, प्रत्येक तारखेच्या चौकटीत 'दीड' किंवा 'खाडा' असा पेन्सिलीने लिहिला जातो, त्या घरात ते वाढले होते. महिन्याला एक पान. एक तारखेला आई त्यावर बोट फिरवून दूधवाल्याला रक्कम सांगायची आणि त्याचा आकडा कमी-जास्त निघाला तर त्याची धडगत नसायची. तो रिपोर्ट वाचला जायचा. वाचला जातो म्हणून नीट ठेवला जायचा. चूक काढणारं कुणीतरी होतं.

दरम्यान कंपनीने नवा सर्व्हर घेतला. सगळा डेटा मेमरीत ठेवणारा, भरपूर प्रोसेसरचा, महाग. पहिले तीन महिने स्वर्ग. मग, रिपोर्ट लवकर निघतात असं कळल्यावर, ज्यांनी मागायचं सोडून दिलं होतं तेही मागायला लागले. रोजचे रिपोर्ट तासाला झाले. इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: वाफेची यंत्रं कमी कोळशात चालायला लागली, तसा कोळशाचा खप वाढला. त्यांचं पुस्तकही १८६५ चंच. म्हणजे 'बिझनेस इंटेलिजन्स' हा शब्द ज्या वर्षी छापला गेला त्याच वर्षी त्याचा पुढचा आजारही छापून झाला होता, फक्त दोन वेगवेगळ्या पुस्तकांत.

पेशव्यांच्या दप्तराची एक गोष्ट काका नव्या मुलांना नेहमी सांगतात. पुण्यातल्या पुराभिलेखागारात ते दप्तर आहे. कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत, कापडात बांधलेले. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. फडणीस हा शब्दच मुळी फर्दनवीस, म्हणजे फर्दी लिहिणारा. नाना फडणवीसांचं पद आजच्या भाषेत सांगायचं तर काकांच्याच खात्यातलं, पण त्यांना कुणी 'सिस्टिम स्लो आहे' म्हणायची हिंमत केली असेल असं वाटत नाही. तर या रुमालांत एखादा उल्लेख शोधायचा म्हणजे एकेक सोडून बघणं. गोविंद सखाराम सरदेसाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडले, वाचले, निवडले आणि १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पुढच्या अभ्यासकांचं पुष्कळसं काम त्या पंचेचाळिसांत भागतं, रुमालाची गाठ अगदीच नडलं तर सोडायची. नवी मुलं हे लक्षपूर्वक ऐकतात. मग काका म्हणतात, आपणही रोजच्या बेरजा एकदाच रात्री करून एका छोट्या टेबलात ठेवू, नव्वद टक्के रिपोर्ट त्यावर चालतील. एक मुलगी म्हणाली, "पण काका, सरदेसायांनी पंचेचाळीस ठेवायचे म्हणजे बाकीचे नको असंही ठरवलंच ना? इथे ते कोण ठरवणार?"

तो प्रश्न काकांना लागला. ठरवायला कुणी तयार होत नव्हतं. 'कोणते रिपोर्ट बंद करू?' असं पत्रक पाठवलं की प्रत्येक खात्याकडून 'सर्व आवश्यक' असं उत्तर यायचं, बहुधा पत्रक न वाचताच. तेव्हा काकांनी या धंद्यातला एक जुना, थोडा निर्दय उपाय काढला. काही न सांगता बंद करायचं आणि कोण ओरडतं ते पाहायचं. इंग्रजीत त्याला किंचाळीची चाचणी म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी आयता सण आहे. काकांनी होळीचा मुहूर्त धरला.

गेल्या वर्षभरात ज्यांना कुणी हात लावला नव्हता असे रिपोर्ट पहिल्या दिवशी थांबवले. पुसले नाहीत, नुसतं वेळापत्रक काढून घेतलं. ईमेलने जाणाऱ्यांचं अवघड होतं, कारण ईमेल उघडली की नाही हे सर्व्हरला कळत नाही. तेही थांबवले. उरलेल्यांना नऊऐवजी पहाटे चार ते सातमध्ये पांगवलं. मॅडमच्या रिपोर्टसाठी वेगळी रांग केली, जिच्यात दुसऱ्या कुणाला उभं राहायची परवानगी नाही. आणि काका बोंबा ऐकायला बसले.

पहिला आठवडा गेला. रंगपंचमी झाली. सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला नाही तेव्हा काकांनी तो उचलून डायल टोन आहे का ते पाहिलं. दुसरा आठवडा गेला. मॅडमनी तक्रार केली की आकडा आता इतक्या लवकर येतो की नाशिकच्या डीलरशी धड बोलणंही होत नाही. पाडवा आला, गेला.

सतराव्या दिवशी फोन आला. चाकणच्या गोदामातून, एका जुन्या कामगाराचा. "साहेब, तो रोजचा कागद येईना झालाय."

काकांनी यादी पाहिली. गोदामाचा रोजचा साठा. दोन ओळींचा रिपोर्ट, साताठ वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेला. थेट गोदामातल्या प्रिंटरवर निघायचा. खाली मात्र छापलेलं होतं 'पान १ पैकी १'. काकांना एकदम भरून आलं. एवढ्या सगळ्या साहेबांत एक माणूस खरोखर वाचत होता. त्यांनी माफी मागितली, लगेच चालू करतो म्हणाले, आणि न राहवून विचारलं की त्यातला नेमका कोणता आकडा उपयोगी पडतो.

"आकडा नाही साहेब. आकडा आमच्या फळ्यावर असतो. कागद मागून कोरा असतोय ना, त्याच्यावर ट्रकचे नंबर लिहितो आम्ही. गेले पंधरा दिवस खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितोय."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी रिपोर्ट चालू केला, पहाटे पाच सतराला.

"आणि साहेब," पलीकडून आवाज आला, "जमलं तर पुढनं जरा फिकं छापा. शाई मागं उमटते."